कातडीच्या पेशीतून रेडकू

६ फेब्रुवारी २००९ रोजी हरियाणातल्या कर्नाल येथे, राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेच्या गोठ्यात एक रेडकू जन्माला आले. ते ज्या भ्रूणातून वाढले, तो तयार करताना रेताचा एक थेंबही वापरला नव्हता. एका म्हशीच्या अंडपेशीतून तिची स्वतःची गुणसूत्रे काढून टाकली होती, त्या जागी दुसऱ्या जनावराच्या शरीरातली एक पेशी जोडली होती आणि तयार झालेला भ्रूण तिसऱ्याच म्हशीच्या गर्भाशयात ठेवला होता. आठवड्याच्या आत ते रेडकू न्यूमोनियाने दगावले. चार महिन्यांनी, ६ जूनला, त्याच संस्थेत ‘गरिमा’ नावाची रेडी जन्मली. दोन वर्षांची झाली आणि हृदय बंद पडून गेली. २२ ऑगस्ट २०१० रोजी ‘गरिमा-२’ आली. ती वाढली, माजावर आली, गाभण राहिली आणि २५ जानेवारी २०१३ रोजी ‘महिमा’ नावाच्या रेडीला जन्म देऊन सुखरूप व्याली.

वर्तमानपत्रांत जन्माच्या बातम्या आल्या. त्या जन्मांच्या मागे प्रयोगशाळेतल्या ताटल्यांमध्ये थांबलेले, गर्भाशयात न रुजलेले, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गेलेले गर्भ किती असतात, याची बातमी होत नाही. क्लोनिंग हा विषय समजून घ्यायचा तर त्या न जन्मलेल्यांपासूनच सुरुवात करावी लागते.

आणि हा विषय कोल्हापुरात समजून घेण्याला कारण आहे. इथे म्हैस ही नुसती दुभती नव्हे, घरातली मानकरी आहे. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर डोळ्यांदेखत धार काढून दिलेले धारोष्ण दूध पिण्याची रीत या शहराने जपली. दिवाळी पाडव्याला शिंगे रंगवलेल्या, अंगावर नक्षी कोरलेल्या, मालकाच्या मोटारसायकलमागे धावणाऱ्या म्हशी बघायला अख्खी पेठ रस्त्यावर येते. १९६३ साली स्थापन झालेला जिल्हा दूध संघ, म्हणजे ‘गोकुळ’, आणि वारणेचा संघ यांनी या म्हशीच्या दुधावर हजारो घरांचा महिन्याचा खर्च उभा केला. मुऱ्हा म्हैस आणायला इथला शेतकरी हरियाणापर्यंत जातो, कर्ज काढतो. अशा माणसाच्या मनात एक प्रश्न येणे अगदी रास्त आहे: गोठ्यातल्या एखाद्या असामान्य म्हशीसारख्याच आणखी दहा का करता येऊ नयेत? पेशी तर कानाच्या कातडीतूनही मिळते.

या प्रश्नाचे उत्तर सरळ ‘होय’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही. आधी काम कसे चालते ते पाहावे लागते.

सुरुवात होते कत्तलखान्यातून आणलेल्या अंडाशयांपासून. ती कोमट क्षारद्रावणात ठेवून प्रयोगशाळेत आणतात, सुईने पुटकांतला द्राव ओढून घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातल्या अंडपेशी वेचतात. या अंडपेशी अजून कच्च्या असतात. त्यांना सुमारे एक दिवस, जनावराच्या अंगाइतक्या उबेत, पोषक द्रावणात पिकवावे लागते. मग भोवतीच्या पेशींचे वेष्टन काढायचे आणि आतली गुणसूत्रे बाहेर काढायची. म्हशीची अंडपेशी मेदाच्या कणांनी इतकी भरलेली असते की ती काळपट, अपारदर्शक दिसते; गुणसूत्रे नेमकी कुठे आहेत ते नजरेला कळत नाही. परदेशांतल्या जुन्या पद्धतीत यासाठी महागडी यंत्रे वापरून अतिसूक्ष्म काचनळी पेशीत खुपसत.

कर्नालच्या शास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. हंगेरियन शास्त्रज्ञ गाबोर वायटा यांनी इतरांबरोबर विकसित केलेल्या हाताने क्लोनिंग करण्याच्या पद्धतीत त्यांनी म्हशीसाठी बदल केले. अंडपेशीचे बाहेरचे कवच विकराने विरघळवायचे. एका औषधाच्या प्रभावाखाली गुणसूत्रे जिथे असतात तिथे पेशीला बारीक उंचवटा येतो. तेवढा भाग सूक्ष्मदर्शकाखाली बघत, हातात धरलेल्या बारीक पात्याने कापून टाकायचा. कापताना पेशीद्रवही जातो, म्हणून एका भ्रूणासाठी अशा दोन अंडपेशींचे उरलेले भाग घेतात, त्यांना दात्या जनावराची एक पेशी चिकटवतात आणि विजेचा हलका झटका देऊन तिन्ही एकजीव करतात. शुक्राणू नसल्यामुळे अंडपेशीला ‘फलन झाले’ असा इशाराही रसायनांनीच द्यावा लागतो. सात-आठ दिवसांत भ्रूण शंभराच्या आसपास पेशींचा झाला, की माजावर येऊन नेमके तेवढेच दिवस झालेल्या म्हशीत तो सोडायचा.

या पद्धतीने लाखमोलाच्या यंत्रांवाचून काम होऊ लागले, हे भारतीय शास्त्रज्ञांचे मोठे श्रेय आहे. सराव झालेल्या हाताला हे सगळे जमते. तरीही बहुसंख्य भ्रूण रेडकापर्यंत पोहोचत नाहीत. अडचण हाताच्या आवाक्याबाहेरची आहे.

१९८४ साली जेम्स मॅकग्रा आणि डावोर सोल्टर या दोन शास्त्रज्ञांनी उंदरांवर काटेकोर प्रयोग करून लिहिले होते की, साध्या केंद्रक-बदलाने सस्तन प्राण्याचे क्लोनिंग करणे जैविकदृष्ट्या अशक्य आहे. बेडकात जॉन गर्डन यांनी ते १९६०च्या सुमारास करून दाखवले होते. पण बेडकाचे अंडे मोठे असते, पाण्यात वाढते, त्याला वार लागत नाही. सस्तन प्राण्याचे अंडे डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढे, आणि त्याचे सगळे भवितव्य आईच्या पोटाशी जुळण्यावर अवलंबून. बारा वर्षांनी, ५ जुलै १९९६ रोजी, स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत ‘डॉली’ जन्मली आणि ते ‘अशक्य’ खोटे ठरले. इयन विल्मट आणि कीथ कॅम्पबेल यांनी सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतली पेशी घेतली होती. कॅम्पबेल यांची युक्ती अशी की, त्या पेशींना काही दिवस जवळजवळ उपाशी ठेवायचे. उपाशी पेशी विभाजन थांबवून स्वस्थ बसते, आणि तिचे चक्र अंडपेशीच्या चक्राशी जुळवता येते.

पण त्या यशाचे आकडे पाहण्यासारखे आहेत. २७७ जोडण्या केल्या. त्यांतून गर्भाशयात सोडण्याजोगे २९ भ्रूण मिळाले. ते १३ मेंढ्यांत सोडले. कोकरू एक झाले.

असे का व्हावे? कातडीच्या पेशीत त्या जनावराची सगळी जनुके असतात. एकही कमी नसते. पण ती अशा पोथीसारखी असते जिची बहुतेक पाने एकमेकांना चिकटवून टाकली आहेत आणि कातडीपुरती चारच पाने उघडी ठेवली आहेत. ही चिकटवण रासायनिक असते. डीएनएवर मेथिल गटांच्या खुणा असतात, डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला असतो त्यांच्यावरही खुणा असतात. शुक्राणू आणि अंडपेशी शरीरात तयार होत असतानाच या खुणांची पद्धतशीर आवराआवर झालेली असते. क्लोनिंगमध्ये तेच काम अंडपेशीने काही तासांत, फार तर काही दिवसांत उरकावे अशी अपेक्षा असते. कारण लवकरच भ्रूणाला स्वतःची जनुके सुरू करावी लागतात. त्या वेळी एखादे आवश्यक जनुक बंदच राहिले, तर भ्रूण तिथेच थांबतो. बंद असायला हवे ते सुरू राहिले, तर नुकसान महिन्यांनी दिसते.

हे नुसते तर्क नाहीत. हिस्टोनवरची एक विशिष्ट खूण हा मोठा अडसर आहे हे २०१४ साली उंदरांवरील प्रयोगांत उघड झाले. २०१८ साली शांघायच्या शास्त्रज्ञांनी ती खूण पुसणाऱ्या विकराचा संदेश भ्रूणात टोचला, जोडीला आणखी एक औषध दिले, आणि ‘झोंग झोंग’ व ‘हुआ हुआ’ ही दोन माकडिणीची पिल्ले जगासमोर आणली. तिथेही त्यांनी गर्भातल्या कोवळ्या पेशी घेतल्या होत्या. ७९ भ्रूण २१ माद्यांत सोडल्यावर ही दोन पिल्ले मिळाली. पेशी जितकी कोवळी तितक्या खुणा कमी, हा अनुभव सगळीकडचा. कर्नालच्या गरिमा-२ साठीही भ्रूणातल्या मूळपेशी वापरल्या होत्या. इथेच शेतकऱ्याच्या इच्छेला पहिली ठेच लागते. त्याला प्रत हवी असते ती चार वेतांत स्वतःला सिद्ध केलेल्या म्हशीची. कोवळ्या गर्भाची प्रत काढणे सोपे, पण तो पुढे किती दूध देईल हे कुणालाच ठाऊक नसते.

दुसरी अडचण वारेची, आणि ती सर्वांत जास्त जनावरांचा बळी घेते. गाय-म्हशीची वार गर्भाशयाला एका सलग पट्ट्याने जोडलेली नसते. अनेक गाठींनी ती जागोजागी चिकटलेली असते, आणि त्या गाठींतूनच गर्भाला अन्न आणि प्राणवायू मिळतो. क्लोन गर्भांत या गाठी बऱ्याचदा कमी असतात आणि ज्या असतात त्या सुजल्यासारख्या मोठ्या. पहिल्या तीन महिन्यांतच अनेक गर्भ यामुळे जातात. जे टिकतात त्यांच्यात कधी गर्भजल बेसुमार साठते, कधी वासरू नेहमीपेक्षा फार मोठे होते आणि शस्त्रक्रियेवाचून सुटका होत नाही. जन्मल्यावर श्वास नीट न चालणे, हृदय कमकुवत असणे, जंतुसंसर्गापुढे टिकाव न लागणे हे पुढचे. यामागे मुख्यतः अशी काही जनुके आहेत ज्यांची आईकडून आलेली एकच प्रत चालू राहावी किंवा बापाकडून आलेली एकच, असा निसर्गनियम आहे. वाढीचा वेग ही जनुके ठरवतात. क्लोनिंगच्या घाईत त्यांच्या खुणा विस्कटतात.

क्लोनिंगच्या यशाचा टक्का सांगताना ज्या म्हशीच्या पोटात हे सगळे घडते तिचा हिशेब बहुधा मांडला जात नाही. तो मांडला पाहिजे. गाभ गेलेली, पोट फाडलेली म्हैस कुणाच्या तरी गोठ्यातली असते, आणि तिचे वर्ष वाया जाते.

क्लोन जनावर जन्मतःच म्हातारे असते, ही समजूत मात्र सोडून द्यायला हरकत नाही. डॉली १४ फेब्रुवारी २००३ रोजी गेली, ती फुफ्फुसात विषाणूमुळे झालेल्या गाठीने. असा आजार मेंढ्यांत एरवीही होतो. डॉली ज्या पेशींपासून झाली त्याच पेशींपासून पुढे जन्मलेल्या चार मेंढ्यांची तपासणी नॉटिंगहॅम विद्यापीठाने २०१६ साली प्रसिद्ध केली, तेव्हा त्या उतारवयातही ठणठणीत होत्या. जपानच्या तेरुहिको वाकायामा यांनी एकाच उंदरिणीच्या प्रतीची प्रत, तिची पुन्हा प्रत, अशा २५ पिढ्या काढून दाखवल्या. जन्माचा आणि त्यानंतरच्या पहिल्या दिवसांचा उंबरठा जो ओलांडतो त्याचे पुढे बहुधा बरे चालते.

म्हशीच्या बाबतीत आणखी गाठी आहेत, आणि त्या कोल्हापूरच्या पशुपालकाला पुस्तकावाचून कळतील. म्हशीच्या अंडाशयात अंडपेशींचा साठाच गाईपेक्षा कमी, त्यामुळे वेचून हाती फार थोड्या लागतात. माज मुका. उन्हाळ्यात तर ती माजावर आली आणि गेली हे गोठ्यातल्या जाणत्या बाईलाही उमगत नाही. भ्रूण सोडायला मात्र माजाचा दिवस अचूक लागतो. गाभणकाळ सुमारे ३१० दिवसांचा, म्हणजे एक प्रयोग फसला हे कळायलाही महिने जातात. उंदरावर काम करणारा शास्त्रज्ञ वर्षभरात जेवढे शिकतो, तेवढे शिकायला म्हशीवर काम करणाऱ्याला आयुष्य अपुरे पडते. अंडपेशींसाठी कत्तलखान्यावर अवलंबून राहण्यावर आता एक उपाय निघाला आहे. सोनोग्राफीच्या मदतीने जिवंत जनावराच्या अंडाशयातून, त्याला इजा न करता, अंडपेशी काढता येतात. १६ मार्च २०२३ रोजी कर्नालला जन्मलेली गीर जातीची ‘गंगा’ ही कालवड याच मार्गाने आली. गाईचे अंडाशय कत्तलखान्यातून मिळवणे आपल्याकडे शक्य नसल्यामुळे देशी गाईंसाठी या वाटेला फार महत्त्व आहे.

कोल्हापूरच्या आणखी एका रहिवाशाचा क्लोनिंगच्या इतिहासाशी संबंध आला आहे. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातला गवा. अमेरिकेत ८ जानेवारी २००१ रोजी एका साध्या गाईने गव्याच्या वासराला जन्म दिला. ‘नोआ’ त्याचे नाव. काही वर्षांपूर्वी मेलेल्या गव्याच्या गोठवून ठेवलेल्या कातडीच्या पेशी आणि गाईच्या अंडपेशी, असा तो मेळ होता. ३२ गाईंत भ्रूण सोडले, आठ गाभण राहिल्या, जिवंत जन्मला तो हा एक. दोन दिवसांत तो हगवणीने गेला. दोन जातींच्या अशा मेळात गुंतागुंत वाढते. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका गाईच्या, केंद्रक गव्याचे. त्यांचे जमेलच असे नाही. गाय आणि गवा जवळचे नातलग, म्हणून इथवर तरी गाडी पोहोचली. स्पेनमधल्या रानबोकडाची एक उपजात २००० साली शेवटची मादी मेल्यावर नाहीशी झाली होती. तिच्या पेशींपासून २००३ साली पिल्लू जन्माला आणले, ते फुफ्फुसातल्या दोषामुळे काही मिनिटेच जगले.

चित्त्याची कथाही इथे आठवावी. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूर संस्थान पाळीव चित्त्यांकडून शिकार करवण्यासाठी प्रसिद्ध होते, आणि भारतीय चित्ते दुर्मीळ झाल्यावर आफ्रिकेतून चित्ते आणवले जात. पुढे देशातला चित्ता संपला. २०००च्या सुमारास हैदराबादच्या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्राने आशियाई चित्त्याचे क्लोनिंग करण्याचा विचार मांडला. इराणने चित्ता वा त्याच्या पेशी द्यायला नकार दिला आणि तो विचार तिथेच थांबला. पेशी वेळेत जपून ठेवल्या नाहीत तर कितीही कुशल हात असले तरी उपयोग नाही, हा त्यातला धडा. गव्याच्या बाबतीत मात्र जंगल राखणे हाच उपाय आहे; ज्याचे कळप डोळ्यांसमोर चरत आहेत, त्याच्यासाठी प्रयोगशाळेकडे बघण्याचे कारण नाही.

आता पुन्हा दहा म्हशींच्या प्रश्नाकडे. समजा, सगळ्या अडचणी पार करून प्रत निघाली. ती मूळ म्हशीसारखी असेल का? अमेरिकेत डिसेंबर २००१ मध्ये ‘सीसी’ ही पहिली क्लोन मांजर जन्मली. तिची मूळ मांजर तीनरंगी होती; सीसीच्या अंगावर नारिंगी रंगाचा ठिपकाही नव्हता. जनुके तीच, पण कोणती पेशी कोणते गुणसूत्र बंद ठेवील हे गर्भातल्या घडामोडींनी ठरते. दुधाचे तर याहून अवघड. दोन म्हशींच्या दुधातला बराचसा फरक चारा, पाणी, गोठा, आजार आणि सांभाळणाऱ्या हाताने पडतो. २० लिटरच्या म्हशीची प्रत वाळल्या कडब्यावर ठेवली तर ती २० लिटर देणार नाही. शिवाय म्हैस एका वेताला एकच रेडकू देते. लाखो रुपये घालून काढलेली तिची प्रत गावच्या दुधात भर घालील ती थोडीच.

रेड्याचे गणित निराळे आहे. एका चांगल्या रेड्याच्या गोठवलेल्या रेताच्या हजारो मात्रा वर्षाला तयार होतात. पण रेडा चांगला आहे हे ठरते त्याच्या लेकी व्याल्यानंतर, त्यांचे दूध मोजल्यानंतर. तोवर सहा-आठ वर्षे उलटतात आणि रेडा थकतो किंवा मरतो. नेमक्या याच जागी क्लोनिंगचा उपयोग पटतो. हिसारच्या केंद्रीय म्हैस संशोधन संस्थेने ११ डिसेंबर २०१५ रोजी जन्मलेल्या ‘हिसार गौरव’पासून ही दिशा धरली आणि २०१९-२०च्या हिवाळ्यात ‘एम-२९’ या एकाच रेड्याच्या सात प्रती जन्माला घातल्या. कर्नालने २०१३ साली ‘स्वर्ण’ नावाचा रेडा थेट वीर्यात सापडणाऱ्या शरीरपेशींपासून घडवला होता. त्यामुळे रेत साठवणारी केंद्रे पेशींचाही साठा ठरू शकतात. धोका एवढाच की, एकाच रेड्याच्या प्रतींचे रेत गावोगाव गेले तर काही पिढ्यांत नात्यातच वेत होऊ लागतील. आणि प्रत कितीही चांगली असली तरी ती कालच्या रेड्याची असते. निवडीने उद्याचा रेडा त्याच्याहून सरस करता येतो.

म्हणून कोल्हापूरपुरता निर्वाळा असा द्यावासा वाटतो: दूध वाढवण्यासाठी म्हशींचे क्लोनिंग आज कामाचे नाही, निवडक, सिद्ध झालेल्या रेड्यांसाठी आणि स्थानिक जात जपण्यासाठी ते कामाचे आहे. कोल्हापूर, सांगली, सोलापूरची पंढरपुरी म्हैस, तलवारीसारख्या लांब शिंगांची, कोरड्या मुलखात कमी चाऱ्यावर टिकणारी, वेळेवर गाभण राहणारी, ही इथली खरी ठेव आहे. मुऱ्हाच्या संकराने तिचे शुद्ध कळप पातळ होत जाणार हे उघड आहे. तिच्या उत्तम रेड्यांचे रेत आणि उत्तम म्हशींच्या पेशी द्रव नायट्रोजनमध्ये आताच साठवाव्यात. तंत्र सुधारेल तेव्हा सुधारेल. पेशी मात्र आज जिवंत असलेल्या जनावराकडूनच घ्याव्या लागतील.

उत्तम कोणती हे ठरवायला मात्र नोंद लागते, आणि ती कोणतीही प्रयोगशाळा करू शकत नाही. जनावरांच्या कानात आता बारा आकडी पिवळा बिल्ला असतो. दूध संस्थांनी आणि पशुपालकांनी त्या आकड्यापुढे महिन्यातून एक दिवस सकाळ-संध्याकाळचे दूध मापून लिहावे, कोणत्या रेड्याचे रेत भरले ते लिहावे, व्याल्याची तारीख लिहावी. ही वही ज्या गावात अजून नसेल, तिथे ती येत्या वेतापासून सुरू करावी.